तिसऱ्या ओळीची शिलाई

माझ्या नवऱ्याला आमच्या भागात कुणी नावाने ओळखत नाही. सगळे त्याला 'थांबा' म्हणतात. गिऱ्हाईक गॅरेजात शिरलं, की काय बिघडलंय, किती दिवस लागतील, संध्याकाळपर्यंत मिळेल ना, असं एका दमात विचारतं. हा फडक्याला हात पुसत म्हणतो, "थांबा. आधी बघू." मग बॉनेट उघडून असा उभा राहतो, की जणू आत कुणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये. पंचवीस वर्षं हेच चाललंय. "थांबाकडे गाडी टाकलीय," असं लोक म्हणतात. "थांबाने सांगितलं म्हणजे झालं."

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे करणार नाही. का ते कळेलच.

गॅरेज आमचं स्वतःचं. कुठल्या कंपनीची पाटी नाही, काचेचं ऑफिस नाही, गिऱ्हाइकाला बसायला सोफा नाही. पत्र्याची उंच शेड, दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, एक लिफ्ट, आणि मागच्या भिंतीला लागून माझा कोपरा. तिथे माझं शिलाई मशीन असतं. मी गाड्यांच्या सीटा शिवते. कातडं, रेक्झिन, कापड, म्हणाल ते. लोकांना वाटतं मी नवऱ्याला मदत करायला बसते. मी कुणालाही मदत करायला बसत नाही. माझी गिऱ्हाइकं वेगळी, माझा धंदा वेगळा, आणि जाड सुई बोटात घुसली की ज्या शिव्या ऐकू येतात त्याही माझ्याच.

त्याच्याबद्दल चांगलं सांगायचं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मध्येमध्ये आठवायला नको. एक नंबरचा प्रामाणिक मेकॅनिक. काढलेला जुना पार्ट तो परस्पर भंगारात टाकत नाही. पुसून ट्रेमध्ये ठेवतो आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातात देतो. "हा बघा, इथे झिजलाय. बोट फिरवा." सुटाबुटातल्या माणसालाही बोट फिरवायला लावतो. बोट काळं होतं, पण माणूस खूश होऊन जातो, कारण आपला पैसा कशात गेला ते त्याला कळलेलं असतं. आणि ज्या कामाची गरज नाही ते गरज नाही म्हणून स्पष्ट सांगतो. कधीकधी मला वाटायचं, अहो, थोडं कमी सांगा, आपल्यालाही संसार आहे. पण आतून अभिमान होता. चार बायकांत बसले की मी हेच सांगायचे, की आमच्या माणसाला खोटं बोलताच येत नाही.

अकरा वर्षांपूर्वी वकीलसाहेबांची गाडी आमच्याकडे आली ती याच लौकिकामुळे. सात माणसांची, उंच, राखी रंगाची, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. एवढी महागडी गाडी आमच्या शेडमध्ये त्याआधी कधी आली नव्हती. तिला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या, चारही चाकांवर रबराचे हवेचे फुगे होते. बटण दाबलं की गाडी हवा सोडून खाली बसायची, म्हाताऱ्या माणसाला सहज चढता यावं म्हणून, आणि सगळे आत बसले की पुन्हा उठायची. साहेबांची तक्रार अशी, की रोज सकाळी बघावं तर गाडी मागच्या डाव्या बाजूने बसलेली. कंपनीच्या वर्कशॉपने चारही फुगे, कॉम्प्रेसर आणि आणखी बरंच काही बदला म्हणून कागद दिला होता. साहेब म्हणाले, आरोपपत्रं याहून लहान असतात.

"थांबा," आमचं माणूस म्हणालं. "आधी बघू."

त्याने बादलीत साबणाचं पाणी केलं आणि ब्रशने एकेक जोड भिजवत गाडीखाली पडून राहिला. दुपार झाली तरी काही नाही. मग मागे, एका पाइपच्या जोडावर, दोन बारीक बुडबुडे आले. फुटले, पुन्हा आले. त्याने मला मशीनवरून उठवून ते बघायला बोलावलं. तेवढा जोड आणि आतली रबरी रिंग बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चारही पायांवर ताठ उभी. साहेबांच्या हातात त्याने ती जुनी रिंग ठेवली, करंगळीच्या नखाएवढी. साहेबांनी बोट फिरवलं आणि मोठ्याने हसले. म्हणाले, "आता ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जाणार नाही. आणि ज्या दिवशी विकायची ठरवेन, त्या दिवशी पहिल्यांदा तुम्हाला विचारेन. तुम्हाला परवडेल त्या भावात. वकिलाचा शब्द आहे, हसू नका."

मी तिथेच उभी होते. माझ्या कानांनी ऐकलं.

आमच्याकडे तेव्हा एक स्कूटर आणि पार्ट आणायची दोन सीटांची व्हॅन होती. आजही तेवढंच आहे. घरात माणसं सहा: आम्ही दोघं, दोन मुली, सासूबाई आणि माझे वडील, म्हणजे आबा. कुठे जायचं तर दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत म्हातारी माणसं जायची आणि तिथे जाऊन ताटकळत बसायची. दुसऱ्या फेरीत मी आणि मुली पोचेपर्यंत सासूबाईंचा पारा चढलेला असायचा. आम्ही सहाजण एका वेळी एका गाडीत कधीच बसलो नव्हतो. त्यामुळे साहेबांचा शब्द घरी सांगितला आणि जेवता जेवताच जागांची वाटणी सुरू झाली. सासूबाई मधल्या ओळीत दाराशी, कारण त्यांचा खुबा दुखतो आणि गाडी त्यांच्यासाठी खाली बसणार. आबा त्यांच्या शेजारी नकोत, कारण पाच मिनिटांत दोघांची जुंपते. मुली तिसऱ्या ओळीत. खिडकी कुणाची यावरून मुलींमध्ये जे भांडण लागलं ते पुढे वर्षानुवर्षं चाललं. धाकटी तेव्हा दोन वर्षांची. तिला कशावरून भांडतोय ते समजत नव्हतं, पण ती मागे हटली नाही.

हा जेवत होता. हसत होता.

तेव्हापासून माझे रविवार गेले. साहेबांना आठवडाभर गाडी लागायची, म्हणून ती रविवारी यायची. आधी दोन-तीन महिन्यांतून एकदा, मग महिन्यातून एकदा, मग काही बिघडलेलं नसलं तरी. छतावरच्या काचेभोवतीच्या नळ्या साफ कर, हवेचे जोड पुन्हा साबणाने तपास, जे तेल कधीच बदलावं लागत नाही असं कंपनी म्हणते ते तेल बदल. मजुरी घेतली तर घेतली. शेडचं शटर अर्धं खाली ओढून हा सकाळपासून आत. मुलींना कुठे न्यायचंय, सासूबाईंना कुणाकडे जायचंय, सगळं माझ्या स्कूटरवर. मी तोंड सोडलं की तो एकच वाक्य म्हणायचा: "आपलीच व्हायचीय ना ती. आत्ता जीव लावला तर पुढे त्रास द्यायची नाही."

हे वाक्य त्याचं आहे, शब्दाला शब्द. मी गप्प बसायचे. माझं गप्प बसणं ही आमच्या घरात काही साधी गोष्ट नाही.

आठव्या वर्षी साहेबांच्या पाहुण्यांच्या कुत्र्याने तिसऱ्या ओळीतल्या दोन्ही सीटा नखांनी फाडल्या. साहेब म्हणाले, राहू दे, तिथे बसतं कोण. मी मनात म्हटलं, माझ्या मुली बसणार आहेत. कातडं माझ्याकडचं काढलं, एका मोठ्या कामातून उरलेलं, चांगल्या वेळेसाठी जपून ठेवलेलं. सीटा बाहेर काढून शिवल्या, पण पाठीमागच्या कोपऱ्यातलं काम आत बसूनच करावं लागतं. साहेब बाहेरगावी होते ते अकरा दिवस मी त्या गाडीच्या मागच्या भागात पाय मुडपून बसले होते. मोठीला शाळेतून थेट शेडमध्ये आणून सीटवर बसवलं आणि तिच्या गुडघ्यांच्या हिशेबाने फोम कापला. धाकटीला निळा रंग हवा होता. तिच्या खिडकीकडच्या कडेला बोटभर निळी पायपिंग घातली, साहेबांच्या लक्षात येणार नाही अशी. सगळीकडे दुहेरी शिलाई. हा बॅटरी धरून उभा राहायचा, कारण त्या कोपऱ्यात उजेड पोचत नाही. "छान झालंय," म्हणाला शेवटी. मी त्या दिवशी गुणगुणत घरी गेले.

साहेबांच्या घराशी आमचा घरोबा झाला तो गाडीमुळेच. वकिलीणबाई जुन्या उशांची कापडं घेऊन माझ्या कोपऱ्यात येऊन बसायच्या, तास तास. मोठी मुलगी चौदा वर्षांची झाल्यापासून दर शनिवारी साहेबांच्या ऑफिसात जायला लागली. फायली लावायच्या, तारखा वहीत लिहायच्या. घरी येऊन आम्हाला खटले सांगायची, आबांना साक्षीदार करायची आणि त्यांना उलटसुलट प्रश्न विचारून भंडावून सोडायची. वकील होणार, हे तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. आम्हा दोघांपैकी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. मला फार बरं वाटायचं.

आणि मग या वर्षी, एका मंगळवारी, हा जेवायला घरी आला, हात धुतले आणि म्हणाला, "साहेबांनी गाडी विकली."

"कुणाला?"

"त्या चौकातल्या हॉटेलवाल्याला."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "आपल्याला विचारल्याशिवाय?"

तो पाणी प्यायला. म्हणाला, "मोठी माणसं. बोलतात, विसरतात. जाऊ दे."

जाऊ दे! अकरा वर्षं ज्या गाडीखाली हा माणूस लोळला ती एका हॉटेलवाल्याला, आणि आम्हाला साधा फोनसुद्धा नाही. पण मला स्वतःपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं. तो ज्या पद्धतीने खाली मान घालून जेवत होता ते बघवेना. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, तुमच्या कष्टांची त्यांना किंमत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आबा म्हणाले, वकिलाचा शब्द, दुसरं काय होणार. धाकटी रडली. मोठी त्या शनिवारी ऑफिसात गेली नाही. पुढच्याही शनिवारी नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने सांगून टाकलं, "मला नाही वकील व्हायचं. समोर एक बोलायचं आणि करायचं भलतंच, असलं शिकायला मी जाणार नाही."

हा तिथेच होता. वर्तमानपत्र वाचत होता.

दोन महिने मी वकिलांच्या घराचा उद्धार केला. वाण्याच्या दुकानात केला, शाळेच्या फाटकाशी केला, ऐकणारं माणूस भेटेल तिथे केला. राखी गाडी आता रस्त्यावरून हॉटेलवाल्याची पोरं भरून जायची आणि माझ्या निळ्या कडेवर कुणाची तरी कोपरं टेकलेली दिसायची. वकिलीणबाई एकदा औषधाच्या दुकानात समोर आल्या. मी मान फिरवली. त्यांनीही फिरवली. म्हटलं, बघा, चोराच्या उलट्या बोंबा.

परवा वकिलीणबाई शेडमध्ये आल्या. हा एक गाडी दुरुस्त करून ती चालवून बघायला बाहेर गेला होता. बाई माझ्या कोपऱ्यापाशी उभ्या राहिल्या. साहेबांच्या आरामखुर्चीचं कातडं फाटलंय, म्हणाल्या, शिवून देशील का.

मी मशीन थांबवलं नाही. "वेळ नाही."

"घाई नाही गं. पुढच्या महिन्यात दिलंस तरी..."

"पुढच्या महिन्यातही नाही."

बाई उभ्याच. मग म्हणाल्या, "तुला राग कशाचा आहे ते तरी सांग. खरं तर राग मला यायला हवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला? शब्द द्यायचा तुम्ही, मोडायचा तुम्ही, आणि राग तुम्हाला?"

"कुठला शब्द?"

"गाडीचा! पहिल्यांदा आम्हाला विचारणार होतात ना?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, पण विचारलं की! साहेब स्वतः आले होते इथे. तू नव्हतीस, आबांना डॉक्टरकडे घेऊन गेली होतीस. त्यांनी जो भाव सांगितला तो ऐकून मीच घरी म्हटलं, एवढ्यात तर चांगली सायकल येते. चार दिवसांनी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. म्हणाले, घरात बोललो, बायको नको म्हणते. दुसऱ्यांनी वापरलेली गाडी तिला नकोय."

माझा पाय मशीनच्या पायडलवरच राहिला होता. मशीन चालतच राहिलं, शिलाई कडेवरून खाली उतरली आणि धागा तुटला तेव्हा कुठे मला समजलं.

"मला वाईट वाटलं गं," बाई म्हणत होत्या. "तुझ्या हातची शिलाई त्या गाडीत, आणि तूच नाक मुरडलंस. म्हटलं, मनात असं होतं तर मला सरळ सांगायचंस. म्हणून मी आले नाही इतके दिवस."

मी म्हटलं, "बाई, मला कुणी विचारलंच नाही."

त्या हुशार बाई आहेत. स्टुलावर बसल्या, माझ्या हातातला फसलेला तुकडा घेतला आणि चुकलेली शिलाई उसवत बसल्या. जाताना मी सांगितलं, खुर्ची उद्या पाठवा. दोन महिने मी ज्या बाईच्या नावाने बोटं मोडली, तिची माफी कशी मागायची ते मला सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत मी वाट बघितली. शटर ओढून घेतलं.

"वकिलीणबाई आल्या होत्या," मी म्हटलं.

त्याचे हात फडक्यात होते तसेच राहिले. "थांब," तो म्हणाला. "मी सांगतो."

"सांगा."

"ती गाडी आपल्याला झेपली नसती. एकेक पार्ट बाहेरून मागवावा लागतो. फुगे आता बदलायला झालेत. गिअरबॉक्स आज ना उद्या जाणार, आणि गेला की गाडीच्या भावाचा खर्च. सांभाळायला मी पुरतो गं. पोसायला वकील लागतो."

"हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"तसं आधीपासूनच..."

"केव्हा?"

तो लिफ्टच्या खांबाला टेकला. "तिसऱ्या वर्षी. गिअरबॉक्सचं तेल पहिल्यांदा काढलं तेव्हा. तेलात लोखंडाचा चुरा होता."

"साहेबांना दाखवला होता?"

"हो. बोटावर घेऊन दाखवला."

"हॉटेलवाल्याला?"

"त्यालाही सगळं सांगितलं. चालेल म्हणाला."

"आणि मला?"

तो पुन्हा हात पुसायला लागला.

मी आयुष्यात पुष्कळदा चिडलेय. आदळआपट केलीय, ताटावरून उठलेय, आठ-आठ दिवस अबोला धरलाय. त्या वेळी यातलं काहीच आलं नाही. मला फक्त गार पडल्यासारखं झालं. गाडीचा मालक, गाडीचं गिऱ्हाईक, सगळ्यांना त्या गाडीचं खरं माहीत होतं. तो चुरा कुणी बघितला होता, कुणी ऐकला होता. एक मीच अकरा वर्षं खिडक्या वाटत बसले होते.

"मी मागे बसून शिवत होते," मी म्हटलं. "अकरा दिवस. तुम्ही बॅटरी धरून उभे होतात. तेव्हा माहीत होतं तुम्हाला."

"तू इतकी खुशीत होतीस."

"आपलीच व्हायचीय म्हणत होतात! दर रविवारी!"

"रविवारी..." तो अडखळला. "त्या गाडीखाली मला बरं वाटायचं. कुणी काही मागत नाही, कुणी विचारत नाही. आणि आपली होणार म्हटलं की तूही काही बोलायची नाहीस."

निदान हे तरी खरं बोलला. साहेबांचा शब्द साहेबांनी पाळला होता. तो वापरला होता माझ्या नवऱ्याने, मला गप्प ठेवायला. मी जगाला ज्याच्या खरेपणाचं सांगत फिरले त्याच माणसाने मला फसवलं, आणि फसवलं तेही कशासाठी, तर आठवड्यातून एक दिवस माझ्यापासून लांब राहता यावं म्हणून. एखादी बाई निघाली असती तर मी तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या.

"मला विचारायचं होतंत," मी म्हटलं. "साहेब येऊन गेले तेव्हा. नको म्हणून समजावायचं होतंत."

"तू आणि मुली, सगळ्या मिळून हो म्हणाल्या असतात. मग मला नाही म्हणता आलं नसतं."

"आणि माझं नाव कशाला पुढे केलंत?"

"त्यांनी एवढ्या प्रेमाने विचारलं. तोंडावर नाही म्हणवेना."

"म्हणून माझ्या तोंडाने म्हटलंत."

त्याने मान हलवली. हो म्हणून. मग हळूच म्हणाला, "मुलींना सांगू नकोस."

"का?"

"त्यांना वाटेल, बाप खोटा आहे."

"आणि साहेब खोटे वाटले तर चालतात?"

त्याने दिवे मालवले. आम्ही शेड बंद केली. तो व्हॅनने आला, मी स्कूटरने.

जेवायला सगळे बसलो. मोठी शाळेतून एक अर्ज घेऊन आली होती, पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा. उद्या द्यायचा होता. ताटाशेजारी ठेवून ती त्यावर पेन टेकवत होती, उचलत होती. सासूबाईंनी सांगितलं, आधी जेव. आबा म्हणाले, लिही काहीतरी, सगळे विषय सारखेच.

"हिशेबाचेच विषय लिहू ना, आई?" तिने विचारलं. "कायद्याचं तर आता नाहीच." पेन पुन्हा उचललं. मग अर्जाकडे बघतच म्हणाली, "पण मला एक कळत नाही. दर शनिवारी साहेब मला सांगायचे, एकदा शब्द दिला की तो लिहून दिल्यासारखा. मग आपल्याशी असं का गं केलं त्यांनी?"

मी समोर बघितलं. तो ताटात बघत होता. त्याचा हात थांबला होता. मी आता काय म्हणते याची तो वाट बघत होता, आणि मला माहीत होतं, त्याला खात्री होती की मी सांभाळून घेईन. वीस वर्षांचा संसार आहे, मी सांभाळून घेतेच.

"बाबांना विचार," मी म्हटलं.

तिने मान वळवली. धाकटीनेही वळवली. सासूबाईंना काय ते कळलं नाही, पण त्याही बघायला लागल्या. त्याने पाण्याचा ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला. माझ्याकडे एकदा बघितलं.

"साहेबांनी काही केलेलं नाही," तो म्हणाला.

पुढचं वाक्य त्याला सुचेना. मी त्याला मदत केली नाही.